उन्हात सोळा

७ फेब्रुवारी

धाकट्या,

पार्सल उघडण्याआधी हे वाच. आत भिंगरीचा कॅमेरा आहे, तिच्या निळ्या स्वेटरात गुंडाळलेला. स्वेटर परत पाठव. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडू नकोस, आत रोल आहे. तुला हे सांगायचं म्हणजे शिंप्याला सुई कशी धरायची ते शिकवण्यातला प्रकार, पण तरी सांगते.

दोन महिने आणि चार दिवस झाले. तू आठ दिवस राहून गेलास, मग हळूहळू बाकीचेही येईनासे झाले. ते एका परीने बरंच झालं. प्रत्येकाला चहा करायचा आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, याचा कंटाळा आला होता.

परवा तिची बॅग उघडली. तळ्यावरच्या सहलीहून आली तेव्हा कोपऱ्यात टाकली होती, ती तशीच होती. दुसऱ्या दिवशी ताप चढला, तो नवव्या दिवशी माझ्या पोरीला घेऊनच उतरला. मग बॅगेकडे कोण बघतंय. वर ओला टॉवेल होता, त्याला बुरशी आली होती. त्याच्याखाली कॅमेरा. आकडा सत्तावीसवर आहे. छत्तीसचा रोल, म्हणजे नऊ फोटो उरलेत.

तिच्या नकाशा-कचेरीतली टायपिस्ट भेटायला आली होती. म्हणाली, "काकू, नावेत बसल्यावर मी तिच्याच कॅमेऱ्याने तिचा फोटो काढला. पोट धरून हसत होती." धाकट्या, माझ्याकडे तिचा एक धड फोटो नाही. सगळ्या जगाचे काढायची, स्वतःचा कोण काढणार? ओळखपत्रावरचा आहे, त्यात चोरी करताना पकडल्यासारखं तोंड आहे.

म्हणून मी ठरवलं की उरलेले नऊ मी काढायचे. तिची खिडकी, तिची सायकल, असं काहीतरी. मग रोल धुवायला द्यायचा. तिने मला एकदा दाखवलं होतं की पुढून आत बघायचं, रिंग फिरवायची, बाजूची कळ दाबली की आतली पाती मिटून बारीक भोक होतं, मांजराच्या डोळ्यासारखं. मी दाबून बघितलं. पाती हलत नाहीत, सताड उघडीच राहतात. नाक्यावरचा फोटोवाला म्हणाला, अडकलीत, तुम्ही हात लावू नका.

तू दिलेला कॅमेरा आहे, तूच नीट करशील. सहलीला जाताना हसतखेळत गेली होती रे. तेवढंच समाधान.

ताई


१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पार्सल मिळालं. स्वेटर वेगळा काढून कपाटात ठेवलाय, पुढच्या पार्सलात पाठवतो. रोल सुरक्षित आहे. लेन्स कॅमेऱ्यापासून सुटी होते, त्यामुळे मला मागचं झाकण उघडायची गरजच नाही.

दुकानात आल्या आल्या लेन्स उघडून पाहिली. पाती सहा आहेत, वाळलेल्या कांद्याच्या सालीइतकी पातळ. त्यांच्यावर तेलाचा थर बसलाय. ही पाती अगदी कोरडी लागतात. तेल लागलं की एकमेकांना चिकटतात आणि मग त्यांना मिटवणाऱ्या स्प्रिंगचं त्यांच्यापुढे काही चालत नाही. जुन्या लेन्सला वयोमानाने असं होतं.

सगळी पाती सुटी करून पेट्रोलने धुवावी लागतील. दहा-पंधरा दिवस धर. हल्ली माझी नजर सकाळी दहा ते बारा एवढीच चालते. दुकानाच्या बाहेरच्या खोलीत बसणारा घड्याळवाला म्हणतो, तुम्ही आता भिंग लावून भिंगं बघता.

एक सुचवू? उरलेले नऊ तू नको काढूस. फिल्म शिळी होते, उगाच थांबण्यात अर्थ नाही. आणि धुण्याचीही घाई नको करूस. आधी लेन्सचं होऊ दे, मग बघू.

मला सारखी ती सहा वर्षांची आठवते. दुकानात यायची आणि फिरत्या स्टुलावर बसून स्वतःला गरागरा फिरवून घ्यायची. मी भिंगरी म्हणालो आणि तेच नाव पडलं. तू तेव्हा माझ्यावर चिडली होतीस, इतकं हौसेने ठेवलेलं नाव बुडवलंस म्हणून.

जेवतेस ना वेळेवर? मी इथून विचारून काय होणार म्हणा.

धाकटा


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. आधी म्हणतोस थांबण्यात अर्थ नाही, मग म्हणतोस घाई नको. नक्की काय करू?

काल नाक्यावरच्या फोटोवाल्याकडे पुन्हा गेले होते. त्याने एक विचारलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. म्हणाला, "पाती कधी अडकली? फोटो काढायच्या आधी की नंतर? आधी अडकली असतील तर उन्हातले फोटो गेले समजा. प्रकाश आवरायला काही नाही, सगळं वाहून जाणार." मी त्याला सांगितलं, आधी कशी अडकतील? ऑक्टोबरात फोकसची रिंग घट्ट झाली म्हणून तिने कॅमेरा मामाकडे पाठवला होता. त्याने तपासून दिला. त्याच्या हाताखालून गेलेली वस्तू महिन्याभरात बिघडत नसते. त्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी बरोबर बोलले ना? तू तेव्हा पाती बघितली असशीलच. म्हणजे ती नंतर अडकली. ओल्या टॉवेलाखाली दोन महिने कॅमेरा होता, त्यानेच झालं असणार. बॅग मी आधी उघडायला हवी होती. ते माझंच चुकलं.

कचेरीने तिचं सामान पाठवलं. सात पेन, दोन गुण्ये, एक चष्म्याचं रिकामं घर. तिला चष्मा कधी लागला? मला माहीत नव्हतं. मी शेजारणीला विचारलं, तिलाही माहीत नव्हतं. एकाच घरात राहून मुलीला चष्मा लागल्याचं आईला कळू नये, याला काय म्हणायचं?

लवकर लिही. नावेतल्या फोटोत चेहरा नीट आला असेल ना, एवढंच सांग.

ताई


१९ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत मी चार पत्रं लिहिली आणि फाडली. चौथ्यात तर टॉवेलाचंच कारण बरोबर आहे असं लिहिलं होतं. पाकीट बंद करून टपालपेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. तू स्वतःला दोष देत बसली आहेस आणि मी तो तुझ्याच माथी राहू द्यायला निघालो होतो, इतका मी खाली गेलो.

खरं असं आहे. ते तेल माझं आहे.

ऑक्टोबरात तिचा कॅमेरा आला, सोबत चिठ्ठी होती. "मामा, रिंग फार जड फिरते. घाई नाही, सावकाश करा." रिंग जड होते ती आतलं जुनं ग्रीस वाळल्यामुळे. लेन्स पूर्ण खोलायची, जुनं ग्रीस धुऊन काढायचं, नवं लावायचं, ही खरी रीत. पूर्ण दिवस जातो. त्या आठवड्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचे पाच कॅमेरे येऊन पडले होते आणि पाचही जण रोज दारात उभे. घरचं काम म्हणून मी तिचं मागे ठेवलं. शेवटी एका दुपारी रिंगच्या सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब सोडले. रिंग लोण्यासारखी फिरायला लागली. पुसून पॅक करून पाठवून दिला. वीस मिनिटंही लागली नाहीत. पाती मी बघितलीच नाहीत.

माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगत आलोय की लेन्समध्ये तेल सोडायचं नाही, ते उबेने पातळ होतं आणि सरकत सरकत पात्यांवर जातं. ती कॅमेरा खिडकीत ठेवायची. तिथे ऊन येत असणार. सहलीला निघेपर्यंत तेल पात्यांपर्यंत पोचलं होतं.

तिला हे कळण्याचा मार्ग नव्हता. कॅमेऱ्यातून बघताना पाती उघडीच असतात, ती मिटतात फक्त फोटो काढतानाच्या क्षणाला. ती भोकाचा आकडा सोळावर, म्हणजे अगदी बारीक, लावत होती आणि आत काहीच मिटत नव्हतं. तिला फोटो काढायला मीच शिकवलं. "उन्हात सोळा लाव, डोळे मिटून लाव, फोटो चुकणार नाही," हे माझं वाक्य. ती आकड्यांची रिंग सोळावरच होती, ताई. तिने शेवटपर्यंत माझं ऐकलं.

फोटोवाला बरोबर बोलला. तळ्यावरच्या दुपारच्या उन्हात, पाती उघडी असताना काढलेले फोटो निगेटिव्हवर काळेठिक्कर झाले असणार, म्हणजे कागदावर नुसते पांढरे. नावेतलाही. हे मला पार्सल उघडलं त्या दिवशीच कळलं होतं. म्हणून मी कधी घाई नको म्हणत होतो, कधी थांबू नको म्हणत होतो. मला फक्त तो दिवस पुढे ढकलायचा होता.

लेन्स नीट झालीय. पाती धुतली, वाळवली, परत बसवताना चार दिवस गेले. प्रत्येक पात्याला दोन्ही टोकांना सुईच्या टोकाएवढी खुंटी असते. पाच बसतात आणि सहावं बसवताना पहिलं निसटतं. तिसऱ्या दिवशी एक खुंटी तुटली, ती दुसऱ्या एका मेलेल्या लेन्समधून घेतली. आता कळ दाबली की सहाही पाती झटकन मिटतात. दिवसातून कितीदा तरी दाबून बघतो. कशासाठी, ते विचारू नकोस.

रोल धुवायचा की नाही ते तू ठरव. तू म्हणशील तसं करीन.

धाकटा


२ एप्रिल

धू. दुसऱ्या कुणाकडे देऊ नकोस, तुझ्याच हाताने धू. जे असेल ते सगळं कळव, आता काही लपवू नकोस.

नऊ फोटो मी काढणार नाही.

ताई


१६ एप्रिल

प्रिय ताई,

रोल धुतला. जे आहे ते क्रमाने लिहितो.

सत्तावीसपैकी चोवीस उन्हातले. निगेटिव्ह दिव्यासमोर धरली तरी पलीकडचं दिसत नाही, डांबर फासल्यासारखी. तरीही मी प्रत्येक छापायला बसलो. एरवी कागदावर आठ-दहा सेकंद उजेड पाडला की पुरतं, इथे एकेकाला दहा-बारा मिनिटं दिली. एन्लार्जरचा बल्ब दोनदा उडाला. पाच दिवस अंधाऱ्या खोलीत होतो. काहींत झाडासारखं काहीतरी आहे. एकात नावेची कड ओळखता येते.

नावेतला तोच. तिचा एक खांदा आहे, वेणी आहे असं वाटतं. चेहऱ्याच्या जागी पांढरा कागद आहे, ताई. पाण्यावरून येणारं ऊन सरळ तोंडावर होतं. मी चौदा प्रती काढल्या. मऊ कागद, कडक कागद, हाताने सावली धरून, जे जे येतं ते सगळं केलं. चेहरा आला नाही. त्या प्रती पाठवत नाही. हव्या असतील तर सांग, पाठवीन.

दोन संध्याकाळचे आहेत, हललेले. त्यात पाणी आणि कुणाचातरी पाय.

एक मात्र चांगला आलाय, आणि तो सोबत ठेवतोय. रोलवरचा अगदी पहिला. घरातला आहे. खोलीत उजेड कमी म्हणून तिने रिंग पूर्ण उघडी लावली असणार, म्हणजे पाती उघडी राहिली तरी काही बिघडलं नाही. तू स्वयंपाकघरात ओट्याशी उभी आहेस, पाठमोरी, भांडं घासतेयस. खिडकीतला उजेड तुझ्या मानेवर आणि अंबाड्यावर पडलाय. अंबाड्यातून सुटलेला एकेक केस मोजता येतो. फोकस इतका नेमका आहे की मीही याहून चांगला लावला नसता.

सगळा रोल हातातून गेला आणि नेमका हा राहिला. मी फार वेळ बघत बसलो होतो. आपल्याला नकळत कुणी आपल्याकडे असं बघत असेल, तर त्या बघणाऱ्याच्या मनात किती माया असेल. तुला याने थोडं तरी बरं वाटावं.

माफी मागण्याइतकं तोंड मला नाही, म्हणून मागत नाही.

धाकटा


५ मे

धाकट्या,

फोटो मिळाला. नकळत नव्हता तो. मला माहीत होतं.

मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं की ती हसतखेळत गेली. ते खोटं होतं. तिने मला न विचारता बदलीचा अर्ज दिला होता. नऊ तासांवरचं गाव. मला कळलं ते दुसऱ्याच्या तोंडून. मी विचारलं तर म्हणाली, "आई, तिथे मोठं काम आहे, मला अख्खा नकाशा माझ्या हाताने काढायला मिळेल. तू पण चल." मी म्हणाले, मला तुझ्या मागून फरफटत यायचं नाही. आणि त्यानंतर मी तिच्याशी बोलणं टाकलं. सहा दिवस. तुला माझं बोलणं टाकणं माहीत आहे, लहानपणी तूही भोगलंयस. ताट वाढायचं, पाणी ठेवायचं, पण तोंडातून शब्द नाही.

सहाव्या दिवशी सकाळी ती सहलीला निघाली. बॅग खांद्यावर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. म्हणाली, "आई, इकडे बघ ना एकदा." मी बघितलं नाही. घासलेलं भांडं पुन्हा घासत राहिले. मागे खटका वाजला. मग म्हणाली, "बरं, येते." मी तेव्हाही बोलले नाही.

आली ती कणकणतच आली. मी तिच्या उशाशी पाणी आणि गोळी ठेवली, न बोलता. मला वाटलं, दोन दिवसांत उतरेल, मग ती आपणहून बोलेल, मग मी बोलेन. तिसऱ्या दिवशी तिने मला ओळखलं नाही. त्यानंतर मी सहा दिवस बोलत होते, धाकट्या. हॉस्पिटलात सगळे म्हणायचे, आई किती बोलते मुलीशी. तिला त्यातलं काही ऐकू गेलं असेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं.

नावेतला फोटो मला का हवा होता ते आता कळलं असेल. तिचा चेहरा हवा म्हणून नाही. चेहरा मला पाठ आहे. ती खरंच हसत होती का, ते मला बघायचं होतं. माझे सहा दिवस तिच्या तोंडावर होते की पाण्यावर गेल्यावर पुसले गेले, ते बघायचं होतं. टायपिस्ट मुलगी चांगली आहे, मला बरं वाटावं म्हणूनही बोलली असेल. फोटो खोटं बोलला नसता.

तुझ्या तेलाचा मला राग आहे. तो गेलाय असं लिहायला बसले होते, पण तसं लिहवत नाही. महिनाभर तो राग मला उपयोगी पडला. सकाळी उठले की तुझ्यावर चिडायचे आणि त्यात दिवस निघायचा. मग हा फोटो आला आणि तेवढीही सोय राहिली नाही.

तू म्हणतोस बघणाऱ्याच्या मनात माया असेल. असेल. पण ती माझ्या पाठीकडे बघत होती.

काही दिवस मी लिहिणार नाही.

ताई


२१ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. मी काही समजावायला जाणार नाही. समजावण्यासारखं त्यात काही नाही.

फोटोविषयी जे लिहिलं ते मूर्खपणाचं होतं. मला एक चांगली निगेटिव्ह मिळाली म्हणून मी माझंच ओझं हलकं करून घेत होतो.

मी येऊ का? नको म्हणालीस तर येणार नाही.

धाकटा


११ जून

धाकट्या,

ये.

तिच्या जागी कचेरीत नवी मुलगी लागलीय. त्यांचा शिपाई येऊन गेला. तिचं नकाशे काढायचं मोठं टेबल आपल्याकडे आहे, ते कचेरीचं आहे, त्यांना परत हवंय. दोनदा माणसं आली आणि हात हलवत गेली. टेबल खोलीच्या दारातून निघत नाही. तिने ते खोलीतच जोडून घेतलेलं असणार. खालून आठ स्क्रू आहेत, गंजून घट्ट झालेत. मी तीन दिवस खटपट केली, एकही हलला नाही, उलट दोन स्क्रूंच्या खाचा घासून गेल्या. माणसं म्हणाली, कापून काढू. मी कापू दिलं नाही.

तुझी हत्यारं घेऊन ये. बुधवारच्या गाडीने ये म्हणजे गुरुवारचा दिवस हातात राहील. स्टँडवर मी येणार नाही, दार उघडं ठेवीन. आल्यावर लगेच काही बोलू नकोस, मला बोलायला वेळ लागेल, पण मी बोलेन, टाकणार नाही.

आधी ते टेबल सोडवू. तू एका बाजूला धर, मी दुसऱ्या. जिन्यावरून जपून न्यावं लागेल. त्याच्यापुढचं मला काही दिसत नाही.

ताई